सगळ्यांत शेवटी तुझं छप्पर

मुक्काम केळापूर
चैत्र, रामनवमीनंतर

प्रिय डोंगरसिंग,

तुझ्या लेकीच्या, नलूच्या अक्षरातलं तुझं कार्ड मिळालं. आर्णीच्या बाजारात पोस्टमन भेटला, त्यानं तिथंच माझ्या हातात दिलं. टांड्यात कुणी पाहिलं नाही, ते बरं झालं. चार ओळींचं कार्ड. ऊसतोडीचा हंगाम उठत आला आहे, मुकादम म्हणतो इथूनच रस्त्याच्या कामावर चला, विमलताईचा ताप हटत नाही, नलू आता तुझ्या बरोबरीनं उसाच्या मोळ्या उचलते. आणि शेवटी एकच प्रश्न: जहीरभाऊ, आम्ही घरी यावं का?

माणसानं स्वतःच्या घरी यायची परवानगी मागावी, आणि तीही माझ्याकडे, ज्याची त्या टांड्यात एक खुंटीसुद्धा नाही! ते वाचून मी गाडीमागे जाऊन बसलो. एका बाईचा स्टोव्ह दुरुस्तीला आला होता. तिला सांगितलं, आज वॉशर नाही, पुढच्या बाजारी ये. वॉशर होता. तुला द्यायचं उत्तर एका शब्दाचं आहे, डोंगरसिंग, पण त्या शब्दापर्यंत पोचायला मला बरंच चालावं लागणार आहे. तू सातवी शिकलेला आहेस. अडखळत का होईना, हे पत्र स्वतः वाच. नलूला वाचायला देऊ नको.

आधी तुझ्या बाबांचं सांगतो, कारण तू ते कार्डात विचारलं नाहीस, आणि का विचारलं नाहीस ते मला समजतं. शंकरसिंग बाबा हिंडून-फिरून आहेत. सकाळी उंबऱ्यावर बसतात ते ऊन पायांवर येईपर्यंत. तू गेल्यापासून त्यांनी डोक्याला पागोटं लावलेलं नाही. टांड्याचं नायकपण सोडलं असं ते कुणाला म्हणाले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही. दिवाळीनंतर लोक भांडणतंटे घेऊन तुझा चुलतभाऊ धनसिंग याच्या ओट्यावर जायला लागले, एवढंच. आम्ही तिथं होतो तोवर सईदाच त्यांना भाकर करून देत होती. पहिल्या दिवशी मी भीतभीत विचारलं होतं, बाबा, आमच्या हातचं चालेल ना? तर म्हणाले, "पोटाले जात नसते बापू. मीठ मात्र कमी टाकते तुही बायको." सईदानं ते ऐकलं आणि कितीतरी दिवसांनी तिचं हसू मी ऐकलं. पुढे पुढे तेही बोलायचे थांबले. तुझं नाव तर काढतच नाहीत. एकदा मात्र बसल्या जागेवरून एकदम विचारलं, "ऊस केवढा उंच असते?" मी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. त्या उसात नलू कुठून दिसेल, हाच विचार ते करत असावेत.

वाऱ्याच्या त्या दिवसापासूनचं सगळं तुला माहीत आहे. तरी मला ते पहिल्यापासून लिहू दे. इतक्या तोंडांनी, इतकं वाकडंतिकडं करून ते मी ऐकलं आहे की एकदा सरळ लिहून पाहावं असं वाटतं.

गेल्या वैशाखात आम्ही तुमच्या टांड्यात येणारच नव्हतो. रस्ता रुंद करताना आर्णीतलं माझं दुकान गेलं, मागची राहती खोली गेली, तेव्हापासून सईदा आणि मी त्या जुन्या मेटॅडोरमध्येच संसार थाटला होता. आत एक बाज, स्टोव्ह, कपड्यांची पेटी, माझी हत्यारं, आणि खिडकीला सईदाच्या ओढणीचा पडदा. मूलबाळ नाही, त्यामुळे अडवणारंही कुणी नव्हतं. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. शिलाई मशिनी, स्टोव्ह, फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, आणि वाटेत एखादा दर्गा लागला की सईदासाठी थांबायचं. त्या दुपारी आम्ही पुसदच्या रस्त्याला होतो. आभाळ आधी पिवळं झालं, मग मातीच्या रंगाचं. मी कशीबशी गाडी पुलाच्या कठड्याच्या आडोशाला लावली. गाडी पाळण्यासारखी हलत होती आणि वरून गारांचा मारा असा की सईदाचा कलमा मला तिच्या ओठांवर दिसत होता, ऐकू येत नव्हता. वारा सरला तेव्हा रस्त्यावर एक पत्रा पडलेला होता, दुसरा बाभळीत अडकलेला, ओल्या फडक्यासारखा पिळलेला. पत्रे ज्या बाजूनं आले होते त्या बाजूला गेलो, तर तुमचा टांडा.

मला आधी दिसलं ते सगळं पांढरं होतं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि खरेदी केंद्रानं लवकर दार लावलं होतं, म्हणून घराघरांत कापूस छतापर्यंत भरून ठेवला होता. भाव येईल म्हणून लेकरं-माणसं अंगाची खाज सोसत त्याच्यावरच झोपत होती. छपरं उडाली आणि पाऊस थेट त्या कापसावर पडला. तुम्ही सगळे तो ओला कापूस कवेत घेऊन बाहेर आणत होता आणि शाळेच्या अंगणात, देवीच्या ओट्यावर, रस्त्यावर, जिथं जागा मिळेल तिथं पसरत होता. रडत कुणीच नव्हतं. धनसिंग आपल्या बैलाचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसला होता. उडत्या पत्र्यानं बैलाची मान कापली गेली होती. तू माझ्याकडे पाहून म्हणालास, "कोन पायजे?" मी म्हणालो, कुणी नको, माझ्याकडे हातोडी आहे. तू माझ्या गाडीकडे, पडद्याकडे, सईदाकडे पाहिलंस आणि त्या तसल्या वेळीही तुझ्या तोंडून निघालं, "आमच्या आज्या-पणज्यानं बैलावर घर घेऊन फिरनं सोडलं, न तुमी कायले फिरून राह्यले बाप्पा?" मला वाटतं आपली दोस्ती त्याच वाक्याला झाली.

दोन दिवस थांबू असं मी सईदाला सांगितलं होतं. पाऊसकाळ तिथंच गेला.

त्या दिवसांइतका मी आयुष्यात दुसरीकडे कुठं सुखी होतो, असं मला आठवत नाही. हे लिहायला लाज वाटते, कारण तुमच्यासाठी ते दिवस सुखाचे नव्हते. पण तसं होतं खरं. शेताशेतांतून पत्रे गोळा करायचे, सपाट जमिनीवर टाकायचे, बायकांनी त्यांच्यावर चालायचं, पोरांनी नाचायचं, आणि मग मी लाकडी ठोकण्यानं पन्हाळी सरळ करायच्या. भोकांना डांबर आणि गोणपाटाचा तुकडा. तुमच्याकडे पत्र्यावर नुसते दगड ठेवायची पद्धत. वाऱ्यात तेच दगड आत पडले होते. मी भिंतीत तारा गाडून हूक घालायला शिकवलं. विमलताईनं सईदाच्या कुडत्यावर आरसे लावून दिले आणि सईदा ते घालून बाजारात मिरवली. नलू माझ्या हत्यारांच्या पेटीपाशी बसून पान्यांची नावं पाठ करायची. आणि आपण दोघं तापलेल्या पत्र्यावर बसून इतकं बोललो की खाली उतरल्यावर घसा बसलेला असायचा. दुपारी जोहरची वेळ झाली की मी खाली उतरून गाडीच्या सावलीत नमाज पढायचो आणि तू तोवर हातोडी बंद ठेवायचास, कुणी न सांगता. एकदा मी परत वर आलो तर तू विचारलंस, "जहीरभाऊ, आमची जगदंबा न तुहा अल्ला, दोघंही त्या दिवशी बाजाराले गेलते का रे?" मी आधी रागानं पाहिलं, मग असा हसलो की हातोडी खाली गेली आणि बाबांनी खालून दोघांनाही शिव्या घातल्या.

घरं कोणत्या क्रमानं झाकायची ते बाबांनीच ठरवलं होतं. देवीच्या ओट्यावर सगळ्यांसमोर. पहिलं घर धनसिंगचं, कारण त्याची बायको ओली बाळंतीण होती. मग म्हाताऱ्यांची, मग लहान लेकरांची. आणि आपलं? तू विचारलंस. बाबा म्हणाले, "नायक पंगतीत शेवटी जेवते. नायकाचं छप्पर बी शेवटीच." ते सगळ्यांना पटलं, तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलेलं. तुम्ही चौघं ताडपत्रीखाली राहिलात. पाऊस आला की विमलताई भांडी मांडायची आणि सईदा तिला गाडीत बोलवायची, तर ती म्हणायची, नायकाची सून गाडीत झोपली म्हणतील लोक.

तुम्ही लोक दुःख फार लवकर आवरून ठेवता, डोंगरसिंग. मला ते तेव्हा चांगलं वाटलं होतं. धनसिंगचा बैल त्याच दिवशी हळदकुंकू लावून, नवं फडकं पांघरून पुरला. कुजलेला कापूस नाल्यापलीकडे नेऊन टाकला, समोर दिसू नये म्हणून. अंगणं सारवली. मीही हातोडी थांबवली नाही. आणि मग एका सकाळी पंचनाम्याचे साहेब आले. ते वाईट नव्हते, थकलेले होते. त्या आठवड्यात त्यांनी किती गावं पाहिली असतील कोण जाणे. धनसिंगच्या दारात उभे राहून ते वर बघत राहिले आणि म्हणाले, "छप्पर तर आहे." बैल कुठं आहे? पुरला. कापूस? टाकला. लोकांनी सांगितलं, शपथा घेतल्या, पत्र्याची ठिगळं दाखवली. साहेब म्हणाले, मला जे दिसते तेच लिहू शकतो. एकेक घर करत ते पुढे गेले. सगळी झाकलेली. शेवटी तुझ्या दारात आले तर चार उघड्या भिंती आणि ताडपत्री. तिथं त्यांना लिहिता आलं.

ज्यांना सगळ्यांत जास्त गरज होती त्यांची घरं आपण आधी झाकली, आणि म्हणूनच त्यांना काही मिळालं नाही. मी त्या दिवशी हातोडी पेटीत ठेवली ती बरेच दिवस बाहेर काढली नाही. सईदा म्हणाली, "तुमने तो भलाच किया ना जी." मी तिला काय सांगणार? भलं केलं होतं, त्याचंच तर हे झालं होतं.

मदत तुझ्या एकट्याच्या नावावर आली, तेव्हा तू ती सगळी ओट्यावर ठेवलीस. मी तिथंच होतो. तू म्हणालास, वाटून घ्या. कुणी पुढे आलं नाही. मग धनसिंग उठला. लहानपणी तू ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलास तो धनसिंग. म्हणाला, "उष्टं खानारे नोहे आमी. येवढं सांग, हा मिस्तरी तुह्याच आंगनात राह्यते, तुह्याच घरचं कालवन खाते, मंग तुहंच छप्पर काहून राह्यलं?" बाबांनी तोंड उघडलं तर कुणीतरी मागून म्हणालं, नायकाले सारं आधीच मालूम असनार. तू काही बोलला नाहीस. मला तेव्हा तुझा राग आला होता. आता कळतं की ज्याला खरंच काही माहीत नसतं त्याच्याकडे बोलायलाही काही नसतं. तू त्या पैशातून शाळेवर पत्रे टाकलेस, आणि लोकांनी लेकरांना कितीतरी दिवस त्या शाळेत पाठवलं नाही.

कुणी वाळीत टाकलं असं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. नुसतं बोलावणं बंद झालं. विमलताई पाण्याला गेली की विहिरीवर जागा मोकळी व्हायची. तुझ्या कापसाची पहिली वेचणी निघाली, तिनं सीतादहीच्या पूजेसाठी दहीभात केला, दिवा घेऊन शेतात गेली, आणि वेचायला टांड्यातली एक बाई आली नाही. ती, नलू, सईदा, तू आणि मी. माझी बोटं पंपाच्या ग्रीसची, बोंडातून कापूस निघता निघत नव्हता. विमलताई कपाशीच्या तासात बसली आणि हातातला दहीभात तसाच धरून रडली, शिंपडायचं विसरून. तिच्या त्या हाताकडे पाहताना मला कळलं की तुम्ही आता इथं राहणार नाही. दसरा झाला आणि मुकादमाच्या ट्रकमध्ये तुम्ही चढलात. बाबा म्हणाले, मी येत नाही, कोनी तरी घरी पायजे. मी म्हणालो, आम्ही आहोत. तू माझा हात धरलास, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस.

हिवाळा कसा गेला ते विचारू नको. सगळ्यांत शेवटी मी घातलेल्या, वाऱ्यापावसात टिकेल अशा नायकाच्या छपराखाली एक म्हातारा, अंगणात एक गाडी, आणि चारी बाजूंनी घरं, ज्यांतून कुणी हाक मारत नाही. मीच बांधलेली छपरं. संध्याकाळी त्या पत्र्यांवरून धूर वर जाताना दिसायचा आणि मला वाटायचं, निदान लेकरं कोरडी आहेत. मग वाटायचं, या छपरांनीच तर माझ्या दोस्ताचं घर उठवलं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही घेऊन मला रोज पाच वेळा चटईवर उभं राहावं लागायचं. मी मागणं मागायचो, या अल्लाह, त्याला घरी आण. दुसरं काही मागायला सुचायचं नाही. धनसिंगकडेही जात राहिलो. त्याचा पंप दुरुस्त करून दिला, त्यानं घेतला आणि आत गेला. एकदा त्याचं लेकरू, तेच बाळंतपणातलं, रांगत माझ्या पायाशी आलं. त्यानं ते उचलून घेतलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "याच्या डोक्यावर तू छप्पर घातलं, म्हनून तुले काही बोलत नाही म्या." तेवढंच त्याचं प्रेम, आणि तेवढाच त्याचा राग.

तुझं कार्ड आलं तेव्हा माणसं पोहरादेवीच्या यात्रेहून नुकतीच परतली होती. देवीचं दर्शन घेऊन आली की माणसं दोन-चार दिवस मऊ असतात. मी मनाशी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. सकाळी लोक धनसिंगच्या ओट्यावर चहाला बसले होते, तिथं गेलो. कार्ड खिशातच ठेवलं. नुसतं म्हणालो, डोंगरसिंग पेरणीला घरी आला तर? धनसिंगनं कप खाली ठेवला. म्हणाला, "येऊ दे ना. आमी का त्याचे दुश्मन हाव? पन आंधी देवीम्होरं हात ठेवून कबूल करावं त्यानं, का मुद्दाम केलं म्हनून. मंग आमी बी इसरून जाऊ." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला दिसत होतं की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच विसरायचं होतं. ओझं त्यांच्याही खांद्याला काचत होतं, ते कुणाच्या तरी पायाशी टाकायचं होतं, एवढंच. पण मी तुला ओळखतो. तू नलूला उसात म्हातारी होऊ देशील, विमलताईला परमुलखात तापात ठेवशील, पण न केलेल्या गोष्टीसाठी देवीवर हात ठेवणार नाहीस. तू तो ठेवला असतास तर मला वाईट वाटलं असतं. तुला तसं कर म्हणून सांगण्याचं माझ्यानं झालं नसतं. आणि कार्ड तर खिशात होतं.

म्हणून मी जे केलं ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. मी तिथंच उभा राहिलो आणि म्हणालो, डोंगरसिंगला काही माहीत नव्हतं, नायकालाही नव्हतं, माहीत मला होतं. आर्णीत ओळखीच्या माणसानं आधीच सांगितलं होतं की पंचनामा उघड्या घरांचाच होतो. बाबांनी आपलं घर शेवटी म्हटलं ते माझ्या पथ्यावर पडलं, मी गप्प बसलो, मदत आली की दोस्तीच्या नावावर त्यातला हिस्सा काढायचा माझा बेत होता. यातला एक शब्द खरा नाही, हे तुला सांगायला नको. धनसिंग म्हणाला, "घे शपथ. आमच्या देवीची नको, तुह्या देवाची घे." मी अल्लाहची शपथ घेतली. किती पटकन खरं वाटलं रे त्यांना! जणू सगळे वर्षभर तेवढंच ऐकायला बसले होते. मी बाहेरचा, फिरस्ता, मिस्तरी. माझ्यावर ते नीट बसलं. धनसिंग तर रडायला लागला, "मह्या भावाले म्या काय काय बोललो" म्हणत. त्याच्या बायकोनं त्याच दुपारी बाबांना ताट नेलं, आणि मला सांगितलं की दिवस मावळायच्या आत गाडी काढ. बाबा ताटावर बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. त्यांना ते खरं वाटलं की नाही, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. सईदा कडेला उभी राहून सगळं ऐकत होती. ती भांडी बांधायला गेली, आणि अजून माझ्याशी बोललेली नाही. लहानपणी मौलवीसाहेब सांगायचे, खोट्या शपथेची भरपाई ना रोज्यानं होते ना दानानं, फक्त तौबा असते. आणि तौबा करायची तर ते खोटं आधी परत घ्यावं लागतं. मी ते परत घेणार नाही. त्यामुळे चटईवर उभा राहतो, पण हात वर करून काय मागायचं ते आता कळत नाही. तुला जो एक शब्द लिहायचा होता तो हा: ये. विमलताईला अंगावर शाल घालून आण, नलूचं नाव परत शाळेत घाल, पेरणी चुकवू नको. मला शोधू नको, बाजारात समोर आलो तरी ओळख देऊ नको. आणि टांड्यात लोक माझ्या नावानं थुंकतील तेव्हा खरं सांगायला तोंड उघडू नको, बाबांपाशीही नाही, नलूपाशीही नाही. धनसिंगच्या बरोबरीनं तूही मला शिवी घाल. जरा मनापासून घाल. तो तुझा आवाज लहानपणापासून ओळखतो.

तुझाच, हे कुणाला कळू न देता,
जहीर